उजव्या नळीतलं काडतूस

कबरस्तानातून घरी पोचायला साडेबारा वाजले, आणि गाडीचं दार धड लावायच्या आधीच ड्वाइटने विषय काढला. हा पहिल्यापासूनच असा. तान्हा होता तेव्हासुद्धा दूध तापायच्या आत ह्याचं भोकाड सुरू व्हायचं.

"आई, जेवणं झाली की सगळ्यांनी मागच्या कुरणात यायचं. मी भिंत उभी करून ठेवलीय."

"भिंत?" मागून त्याची बहीण नेडीन आली. खांद्यावर कबरीभोवतालचं गवत ओढायचं दाताळं, कपाळावर मातीचा पट्टा.

"प्लास्टरच्या जुन्या पाट्या गं. बाबांनी धाकटी खोली काढली तेव्हाच्या उरलेल्या, कोठारात पडून होत्या. घरातल्या बोळातून बंदूक झाडली तर पलीकडे काय होतं ते डोळ्यांनीच बघू. उगाच तोंडाची वाफ नको."

"अरे दादा, बाबांना फुलं वाहून अजून हाताची माती गेली नाही. दोन घास तरी गिळू देशील की नाही?"

त्यांची आई वर्डा दोघांच्या मधून घरात गेली. तिचं अर्धं मन अजून टेकडीवरच होतं. दर मे महिन्याच्या अखेरीला अख्खं खोरं आपापल्या मेलेल्यांच्या कबरी साफ करायला जमायचं, कॉफीच्या डब्यांत पिओनीचे गुच्छ भरून दगडांपाशी ठेवायचं. गेल्या वर्षी तिचा नवरा ऑर्व्हल गुडघ्यांवर बसून आपल्या आईच्या दगडावरचं शेवाळ खरवडत होता आणि म्हणत होता, "वर्डे, मी गेलो की मला लाल फुलं आण. पांढरी मला मानवत नाहीत." जानेवारीत गेला. आज तिने लाल नेली होती, सगळ्या बागेतली वेचून, आणि ठेवताना त्याला चार शिव्याही दिल्या होत्या. शहात्तराव्या वर्षी माणसाला असं टाकून जातात का?

तीन आठवड्यांपूर्वी ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्या प्रुइटच्या घरात दोन जण शिरले. त्याला त्याच्याच पट्ट्यांनी खुर्चीला बांधून, दात पाडून गेले. तेव्हापासून ड्वाइटचा धोशा सुरू झाला. आई, घर सोड, स्प्रिंगफील्डला माझ्याकडे चल, मागची खोली तुझ्यासाठी तयार आहे, नवा गालिचा घातलाय, वेगळं न्हाणीघर आहे. वर्डा म्हणाली, मला माझं न्हाणीघर पुरतं. शेवटी फोनवर तह झाला. सगळे जमतील त्या दिवशी तिने दाखवायचं, की बंदुकीत कोणतं काडतूस ठेवणार, कुठे उभी राहणार, झाडणार कशी. ड्वाइटला पटलं तर ती ह्या घरात राहील. नाही पटलं तर बॅग भरायची. वर्डाने हो म्हटलं होतं, आणि शब्द दिला की दिला, ही त्या घराची जुनी खोड होती.

जेवायला तळलेली कोंबडी होती, मक्याचा पाव होता, तापल्या चरबीत कोमेजवलेला पाला होता, आणि नेडीनने आणलेला आंबट रेवाचिनीच्या देठांचा भाजलेला 'पाय'. टेबलाच्या टोकाला ऑर्व्हलची खुर्ची रिकामी ठेवायची, असं काही कुणी ठरवलं नव्हतं, पण तिच्यावर कुणी बसलंही नाही. त्याचा धाकटा भाऊ होबार्ट नेहमीच्या बाकावर बसला. होबार्टचा उजवा कान बंदुकांनी कधीचाच नेला होता, त्यामुळे तो जेवणाच्या टेबलावरही कुरणात असल्यासारखा बोलायचा.

"वहिनी, दुहेरी शून्य! हरणाचे छर्रे. वाटाण्याएवढे नऊ दाणे. एकदा लागले की माणूस पुन्हा कुणाच्या दारात जात नाही. बाकी सगळ्या गप्पा."

"आणि भिंतीपलीकडे काय होतं, काका?" ड्वाइट म्हणाला.

"पलीकडे काय असायचंय? भिंत असते."

"पलीकडे माझी मुलगी झोपते," जोलीन म्हणाली.

जोलीन नेडीनची लेक, तेवीस वर्षांची. नवरा नाताळात जो शहरात गेला तो गेलाच. तेव्हापासून ती दहा महिन्यांच्या कॅसीला घेऊन आजीकडे राहत होती. कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करायची, सकाळी सहाला परतायची, तोवर बाळ वर्डाकडे. आता कॅसी तिच्या मांडीवर बसून मक्याच्या पावाचा चुरा करत होती.

"मग पाखरांचे घ्या," नेडीन म्हणाली. "मोहरीएवढे बारीक असतात ते. बाबा कवडे मारायचे त्यातले."

"त्याने चोराला गुदगुल्या होतील!" होबार्ट गरजला.

"काका, बोळ सात पावलांचा आहे. सात पावलांवर बारीक छर्रेसुद्धा मूठभर ढेकळासारखे एकत्र जातात. तुम्हीच शिकवलंत मला."

"मी? मी कशाला शिकवीन बायकांना असलं काही?"

सगळे हसले. वर्डाही हसली. ऑर्व्हल असता तर ह्या घटकेला त्याने काटा खाली ठेवून आपलं जुनं वाक्य टाकलं असतं. त्याने दुनळीत कायम दोन जातींची काडतुसं ठेवली, उजव्या नळीत बारीक, डावीत मोठे. "उजवी म्हणजे 'जा'," तो म्हणायचा, "आणि डावी म्हणजे 'गेलास'." आणि मग बोट वर करून, "पण दोन्हीच्या आधी तोंड. आधी हाक मारायची. कोण आहे ते विचारायचं. पाहुण्याला नाव असतं आणि चोरालाही नाव असतं."

काडतुसं तो विकत घेत नसे. हिवाळ्यात ह्याच टेबलावर भरायचा. दिवा खाली ओढलेला, बंदुकीच्या दारूचा तो गंधकासारखा वास, एकीकडे वर्डा नमद्याच्या चकत्या कापतेय, समोर ड्वाइट सहा वर्षांचा, जीभ बाहेर काढून नऊ-नऊ दाण्यांचे ढीग करतोय. नवाचा पाढा पोरगा शाळेत शिकलाच नाही, इथे शिकला. बोटं शिशाने काळी झाली की ऑर्व्हल त्याला पंपाखाली उभं करून घासून काढायचा. मग मेणबत्तीचा एक थेंब, आणि वरच्या पुठ्ठ्यावर सुताराच्या पेन्सिलीने आकडा. त्याचा सात एकासारखा दिसायचा, त्यावरून वर्डाने त्याला आयुष्यभर चिडवलं. ते दिवस चांगले होते. तेव्हा कळलं नाही एवढंच.

"आणतो बंदूक," होबार्ट उठला. "आधी रिकामी करू."

वर्डाच्या हातातला चमचा बशीवर वाजला. "राहू द्या भावोजी, मी आणते."

पण होबार्ट तिच्या निजायच्या खोलीच्या दारामागे हात घालूनही झाला होता. तिथेच दुनळी मधोमध मोडून उघडत त्याने दोन्ही काडतुसं तळहातावर काढली. लाल कागदी, कडेला फुगलेली, जुनी. आणि तो थांबला. उजव्या नळीतल्या काडतुसाच्या बुडाशी पितळी टोपीवर हरभऱ्याच्या चोचीएवढा खळगा होता.

"ही टोपी ठोकलीय, चाप ओढलाय कुणीतरी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "उडाली नाही. दमट झाली असणार. वहिनी, कधी मारलं हे?"

"ऑर्व्हलने मारलं असेल. भाजीच्या वाफ्यात घूस शिरायची ना."

"ऑर्व्हलने? न उडालेलं काडतूस नळीत ठेवून ऑर्व्हल झोपला?" होबार्टने मान हलवली. "तो ते मिनिटभर हात लांब करून धरायचा आणि पाण्याच्या बादलीत बुडवायचा. मलाच बडवलं होतं त्यावरून." पण भावाच्या बायकोशी वाद कशाला, म्हणून त्याने काडतूस सदऱ्याच्या खिशात टाकलं.

वर्डाने बशा गोळा केल्या. एकेक करून नेल्या.

बारा दिवस झाले होते. पहाटे चार. मागचं दार हलक्या हाताने उघडल्याचा आवाज आला. गाडी आली नव्हती, दिवे नव्हते. प्रुइटचे पडलेले दात तिच्या डोळ्यांपुढे होते, आणि धाकट्या खोलीत बाळ होतं. बंदूक तिच्या हातात कशी आली हे तिला आठवत नाही. बोळाच्या टोकाला एक आकृती पुढे सरकली, बिनआवाजी, आणि वर्डाने चाप ओढला. खट्. एवढंच. मग ती आकृती तिपाईवर आपटली आणि म्हणाली, "अगं आई गं, माझं बोट!" कारखान्यातलं यंत्र बंद पडलं होतं, जोलीनला कुणीतरी वाटेवरच्या टपालपेटीपाशी सोडलं होतं, आणि बाळ उठू नये म्हणून पोर बूट हातात घेऊन मोज्यांवर आली होती. वर्डाने बंदूक दारामागे ठेवली, दिवा लावला आणि तिला दूध गरम करून दिलं. त्यानंतर त्या बंदुकीला तिने हात लावला नव्हता. काडतूस काढून टाकावं, हे रोज मनात यायचं आणि रोज तिचे पाय दारापाशी अडायचे.

नेडीन भांडी पुसायला आली. बाहेर ड्वाइट पावलं मोजत होता, त्याचे आकडे खिडकीतून ऐकू येत होते.

"आई, टोपी कुणी ठोकली?"

"सांगितलं ना, तुझ्या बाबांनी."

"गेलेल्या माणसाच्या नावावर काही खपवू नकोस. ते लबाडी करत नव्हते, आणि तुला जमत नाही." नेडीनने फडकं झटकलं. "कुणी आलं होतं का?"

"नाही."

"मग झोपेत? स्वप्नात?" वर्डाने हातातली बशी पुन्हा पाण्यात बुडवली. नेडीनने आईच्या दंडाला धरलं. "बरं, नको सांगूस. दादाला कळलं तर आज संध्याकाळच्या आत तुला गाडीत घालेल तो. मी नाही बोलणार. तू इथे आहेस म्हणून जोलीनला टेकायला जागा आहे, आणि माझ्या त्या दोन खोल्यांत ती मावत नाही, हे मला कळतं. काकांकडून ते काडतूस मी मागून घेते आणि ओढ्यात टाकते. झालं?"

एवढ्या वर्षांत लेकीने तिची बाजू इतकी उघडउघड कधी घेतली नव्हती. लहानपणापासून नेडीन बापाची. आणि आज ती आपल्या पोटच्या पोरीवर रोखलेलं काडतूस ओढ्यात टाकायला निघाली होती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. वर्डाला वाटलं, आता सांगावं. तेवढ्यात ड्वाइटने बाहेरून हाक मारली, आणि तिने हात पुसले.

कुरणात दोन भिंती उभ्या होत्या, खांबांना ठोकलेल्या दुहेरी पाट्यांच्या, मध्ये धाकट्या खोलीएवढं अंतर. दुसऱ्या भिंतीच्या मागे पाळण्याच्या उंचीवर ड्वाइटने जुनी उशी टांगली होती आणि तिच्यामागे गवताच्या गठ्ठ्यांची रास. पोराने काम मात्र बापासारखं चोख केलं होतं. जोलीन बाळाला घेऊन लांब सफरचंदाखाली उभी राहिली आणि तिने आपल्या तळव्यांनी कॅसीचे कान झाकले.

पहिला बार होबार्टचा, दुहेरी शून्याचा. आवाज टेकडीला लागून परत आला. पहिल्या भिंतीत नऊ भोकं, दुसरीत नऊ, उशीत सहा, आणि गठ्ठ्यांत छर्रे कुठवर गेले ते शोधायला ड्वाइटला कोपरापर्यंत हात घालावा लागला.

"चांगलं आहे की!" होबार्ट म्हणाला, मग उशीकडे बघून, "म्हणजे, चोरासाठी चांगलं आहे."

"आता आई," ड्वाइट म्हणाला.

वर्डाने बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खळग्यात बसवला. चार नंबरचे मधले छर्रे होते. धक्का बसला, पण पाय जागचे हलले नाहीत. तेही दोन्ही भिंती पार करून गेले. मग बारीक, पाखरांचे. ह्यांनी पहिली भिंत फोडली, दुसरीत बहुतेक सगळे अडकले आणि तिच्या मागच्या बाजूला फोड आल्यासारखी पाटी उठली.

"बघा!" नेडीनने टाळी वाजवली. "दादा, बघ. तुझ्यापेक्षा सरळ धरते ती."

"भिंत ओळखणारं काडतूस अजून कुणी बनवलेलं नाही," ड्वाइट म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता. त्याने बुटाने रिकामी काडतुसं इकडून तिकडे सारली. "बारीकच ठेव. दोन्ही नळ्यांत. पाळणा चुलीच्या दगडी भिंतीकडे हलवू, आणि तू बोळात नाही, खोलीच्या दारात उभी राहायचं, तोंड स्वयंपाकघराकडे. तेवढं कबूल करशील तर..." तो हसला, सहा वर्षांचा असताना हसायचा तसा, एका गालाने. "तर हरलो मी. राहा बाई तुझ्या घरात."

होबार्टने टोपी हवेत उडवली. नेडीनने आईला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "सुटलीस." वर्डाला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. सकाळचा चहा मागच्या पायरीवर, कोवळ्या उन्हात. तीच विहीर. टेकडीवर चालत जायच्या अंतरावर ऑर्व्हल. एक शब्द बोलायची गरज नव्हती. सगळं झालं होतं.

ती उशीकडे गेली. बारीक छर्ऱ्यांतले बहुतेक अडकले होते, बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. उशीच्या अभ्र्यावर आधीच्या मोठ्या भोकांच्या मध्ये चार नवी, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. तिने एकात करंगळीचं नख घातलं. आत शिसं गरम होतं.

"भावोजी," ती म्हणाली, "ते खिशातलं काडतूस काढा."

"आई, नको," नेडीन म्हणाली.

"काढा. ड्वाइट, ही टोपी तुझ्या बाबांनी नाही ठोकली. मी ठोकली. बारा दिवस झाले." तिने सफरचंदाकडे बघितलं. "जोलीनवर."

होबार्टने चांगला कान पुढे केला होता आणि तो तसाच राहिला.

"यंत्र बंद पडलं त्या पहाटे?" जोलीन म्हणाली.

"हो."

"तो खट् आवाज... मला वाटलं तू बटण दाबलंस. दिव्याचं."

"दिवा मी नंतर लावला."

"तू मला दूध दिलंस," जोलीन म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी म्हटलं, आजी तुझे हात किती गार आहेत. तू म्हणालीस, म्हातारीचे असतातच."

"आई!" नेडीनचा आवाज फाटला. तिने आईचा हात सोडला. "आणि मी ते ओढ्यात टाकणार होते!"

"म्हणूनच सांगितलं. नाहीतर कदाचित सांगितलंही नसतं." वर्डा खाली बसली, गवताच्या गठ्ठ्यावर. "मी हाक मारली नाही रे. चाळीस वर्षं तुमचे बाबा घोकून घेत होते, आधी तोंड, आधी तोंड. आणि वेळ आली तेव्हा माझं तोंडच उघडलं नाही. काडतूस बारीक की मोठं, ह्याचा काय उपयोग? मला माझ्या नातीचं पाऊल ओळखू आलं नाही. त्यांनी भरलेलं काडतूस दमट झालं, म्हणून आज ही पोर उभी आहे. तुम्ही सगळे मला शाबासकी देताय आणि मला ती घेववत नाही."

ती रडली. शवपेटी खाली सोडताना रडली नव्हती, ती आता सगळ्यांसमोर, गठ्ठ्यावर बसून हुंदके देत रडली. होबार्टने काडतूस खिशात ठेवावं की फेकावं हे न कळून शेवटी ते मुठीत घट्ट धरून ठेवलं.

जोलीन सफरचंदाखालून निघाली. हळूहळू आली. आजीसमोर थांबली, तिच्याकडे बघत राहिली, आणि वर्डाला वाटलं आता ही तोंडावर थुंकेल आणि थुंकली तरी चालेल. मग जोलीनने वाकून कॅसीला तिच्या मांडीवर ठेवलं.

"धर," ती म्हणाली. "माझे हात कापतायत."

बाळाने लगेच वर्डाच्या गळ्यातला मणी तोंडात घातला. वर्डाने तिला छातीशी धरलं आणि मान वर करून नातीला सांगितलं, "बारीक छर्रे. दोन्ही नळ्यांत, तुझा मामा म्हणाला तसे. नवी काडतुसं, विकतची. आणि घशाच्या शिरा ताणून हाक मार. तुझा आवाज तुझ्या आईवर गेलाय, ओढ्यापलीकडे ऐकू जाईल."

"मी एकटी राहू इथे?"

"एकटी कशाला? मी येईन," नेडीन नाक पुसत म्हणाली. "माझ्या दोन खोल्यांत तसं आहे काय? कपबश्या आणि ते म्हातारं मांजर."

ड्वाइट इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. "आई," तो म्हणाला, "आजच काही ठरवायला नको. मी म्हटलं ना हरलो. पुढच्या महिन्यात बघू. पानगळीत बघू."

"आज ठरवायचं हे तूच म्हणाला होतास. मी शब्द दिलाय." वर्डाने पदरासारखा धरलेला आपल्या झग्याचा घोळ नीट केला, बाळाचे पाय झाकले. तिची नजर घराच्या मागच्या पायरीवर गेली. "ड्वाइट, तुझ्या त्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं का रे?"

तीन आठवडे त्याने त्या खोलीचे गोडवे गायले होते. आता त्याने टोपी काढून हातात घेतली.

"नाही येत, आई. उत्तरेची आहे ती. ऊन स्वयंपाकघरात येतं."

"मग सकाळी मी स्वयंपाकघरात बसत जाईन," वर्डा म्हणाली, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन उठली.